मोजक्या पाण्याचा मुलूख : थरच्या वाळवंटातील एक प्रदक्षिणा

मराठी कुटुंब सहलीला निघते ते बहुधा पाण्याच्या दिशेने. कोकणचा किनारा, सह्याद्रीतील धबधबे, नदीकाठची क्षेत्रे ही आपली सवयीची ठिकाणे. पश्चिम राजस्थानातील थरचे वाळवंट या सवयीच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे. जैसलमेर जिल्ह्यात वर्षभरात सरासरी २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईला तेवढा पाऊस जुलैतील एखाद्या दिवसातही पडून जातो. तरीही थर हे जगातील सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक मानले जाते. येथे शेकडो वर्षे गावे नांदली, व्यापारी पेढ्या चालल्या, शिल्पसमृद्ध जिनमंदिरे उभी राहिली आणि ताडपत्रांवरील ग्रंथ सुरक्षित राहिले. इतक्या थोड्या पाण्यावर हे कसे साधले, या प्रश्नाचे उत्तर शोधत जोधपूर ते जैसलमेर आणि बाडमेरमार्गे परत जोधपूर अशी प्रदक्षिणा केली, तर वाळवंट निराळेच दिसू लागते.

हा मार्ग साधारण सातशे किलोमीटरचा आहे. आजूबाजूची ठिकाणे धरली तर तो नऊशेच्या घरात जातो. रस्ते चांगले आहेत आणि हिवाळ्यात पाच-सहा दिवसांत ही प्रदक्षिणा निवांतपणे पूर्ण होते.

जोधपूर : ज्वालामुखीचा खडक आणि शमीचे झाड

राव जोधा यांनी १४५९ मध्ये जोधपूर वसवले. मेहरानगडाचा प्रचंड तट पाहताना पर्यटकांची नजर वर जाते; ती थोडा वेळ खालीही वळवावी. गड ज्या खडकावर उभा आहे, तो सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या उद्रेकातून घडला आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने येथील खडकांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे.

गडाच्या पायथ्याशी सुमारे ७० हेक्टरांवर ‘राव जोधा डेझर्ट रॉक पार्क’ आहे. एकेकाळी हा सारा भाग विलायती बाभळीने व्यापला होता. मध्य अमेरिकेकडून आलेले हे झुडूप वरून तोडले की पुन्हा फुटते. त्याची मुळे खडकाच्या भेगांत खोल शिरलेली असतात. २००६ मध्ये येथे मूळच्या वनस्पती परत आणण्याचे काम सुरू झाले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणाऱ्या कारागिरांची मदत घेण्यात आली. त्यांनी छिन्नी-हातोड्याने खडक फोडून मुळासकट झुडपे काढली आणि त्याच खड्ड्यांत थोर, गुग्गुळ, केर यांसारख्या खडकाळ वाळवंटाच्या वनस्पती लावल्या गेल्या. आज पाऊलवाटेने तासाभराचा फेरफटका मारताना वाळवंटातील झाडे पाणी कसे वाचवतात, याचे जिवंत प्रदर्शन पाहायला मिळते. कोणाची पाने सुईएवढी, कोणाची मेणचट, तर कोणी पाने टाकून हिरव्या खोडावरच भागवलेले.

शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर खेजडली हे लहान गाव आहे. १७३० मध्ये जोधपूरच्या राजवाड्याच्या बांधकामाला चुना भाजण्यासाठी लाकूड हवे होते. राजाची माणसे येथील खेजडीची झाडे तोडायला आली, तेव्हा बिश्नोई समाजातील अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या. त्यांच्यामागून एकेक करीत ३६३ स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. अखेर राजाने तोड थांबवली. आज तेथे स्मारक आहे आणि भोवती खेजडीची शांत सावली आहे.

ही खेजडी मराठी वाचकाला अनोळखी नाही. विजयादशमीला आपण जिचे पूजन करतो ती शमी म्हणजेच खेजडी. वाळवंटात तिची मुळे खोल जातात, पाला जनावरांना मिळतो, तिच्या सावलीत बाजरी पिकते आणि कोवळ्या शेंगा सुकवून ‘सांगरी’ तयार होते. केर आणि सांगरीची भाजी हे मारवाडच्या पाकशास्त्राचे भूषण. पर्वतिथीला हिरव्या भाज्या वर्ज्य करणाऱ्या मारवाडी जैन घरांत वर्षभर टिकणाऱ्या या सुक्या भाज्यांना मानाचे स्थान आहे. ते का मिळाले असावे, हे या झाडाखाली उभे राहिल्यावर आपोआप उमगते.

ओसियां आणि खीचन : स्थलांतरितांची दोन गावे

जोधपूरच्या उत्तरेला सुमारे ६५ किलोमीटरवर, जेथे वाळूच्या टेकड्या दिसू लागतात, तेथे ओसियां आहे. ओसवाल समाजाचे नाव या गावावरून आले. येथील महावीर मंदिराचा आरंभ आठव्या शतकातील, प्रतिहार राजा वत्सराजाच्या काळातील मानला जातो. पश्चिम भारतात आज उभ्या असलेल्या सर्वांत प्राचीन जिनमंदिरांत त्याची गणना होते. जवळच सच्चियाय मातेचे मंदिर उंचवट्यावर आहे. पुणे, अहिल्यानगर, जळगाव येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या अनेक ओसवाल कुटुंबांसाठी ही भेट म्हणजे आपल्या नावाच्या उगमाशी पोहोचणे असते.

ओसियांहून फलोदीकडे जाताना वाटेवर शेतांपेक्षा माळ अधिक दिसतो. फलोदीपासून अवघ्या चार-पाच किलोमीटरवर खीचन लागते. या गावातून बाहेर गेलेल्यांची संख्या मोठी; जैन व्यापाऱ्यांच्या कोरीव लाल दगडी हवेल्यांपैकी कित्येकींना आज कुलूप आहे. मात्र दर हिवाळ्यात हजारो पाहुणे न चुकता येथे परततात. मध्य आशिया आणि मंगोलियाकडील गवताळ प्रदेशांतून हिमालय ओलांडून येणारे हे पक्षी म्हणजे कुरजां. मराठी पक्षिमित्र त्यांना कांड्या करकोचा म्हणतात. राखाडी अंग, काळी मान आणि डोळ्यांमागून मागे वळलेला पांढरा पिसांचा झुबका अशी त्यांची देखणी ठेवण.

१९७० च्या दशकात गावात कबुतरांना दाणे घालण्याची व्यवस्था होती. तेथे मूठभर कुरजां उतरू लागल्या. गावकऱ्यांनी त्यांना हुसकावले नाही. उलट त्यांच्यासाठी वेगळे आवार राखले. त्याला ‘चुग्गाघर’ म्हणतात. दर सकाळी तेथे ज्वारी पसरली जाते. खर्चाचा वाटा परप्रांतांत गेलेली गावची कुटुंबे उचलतात. सकाळी पक्ष्यांचे थवे आवाज करीत आकाशात घिरट्या घालतात आणि जमिनीवर निर्धोक आहे याची खात्री पटली की ओळीने आवारात उतरतात. दाणे टिपून झाले की ते गावच्या तळ्याकडे जातात. सप्टेंबर ते मार्च असा हा क्रम चालतो. जून २०२५ मध्ये खीचनला रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत, स्थान मिळाले. ही पाणथळ जागा म्हणजे मरुभूमीतील एका गावाने सांभाळलेली तळी, हे विशेष. पाहुण्यांना धोका नाही असे मात्र नाही. गावावरून गेलेल्या विजेच्या तारांना धडकून पक्षी मरतात. पुढे जैसलमेरच्या माळावर हाच प्रश्न अधिक तीव्र रूपात भेटतो.

खीचनहून रामदेवरा आणि पोकरण ओलांडले की जमीन आणखी उघडी होते. सायंकाळच्या उन्हात दूरवर पिवळा उंचवटा दिसतो, तो जैसलमेरचा किल्ला.

जैसलमेर : कोरडेपणाने राखलेले वैभव

रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर हा किल्ला वसवला. ९९ बुरूज असलेल्या या किल्ल्यात आजही काही हजार लोक राहतात. २०१३ मध्ये राजस्थानातील सहा गिरिदुर्गांचा जागतिक वारशात समावेश झाला, त्यांत जैसलमेर आहे. शहरासाठी वापरलेला सोनेरी चुनखडक ज्युरासिक काळातील उथळ समुद्रात साचलेला. म्हणजे वाळवंटातील हे सुवर्णनगर मूळचे समुद्रतळाच्या दगडाचे आहे.

किल्ल्यातील परस्परांना जोडलेली जैन मंदिरे प्रामुख्याने पंधराव्या-सोळाव्या शतकांतील. चिंतामणी पार्श्वनाथ हे त्यांतील मुख्य मंदिर. तोरणांची वेलबुट्टी आणि स्तंभांवरील आकृती पाहताना दगड मऊ असल्याचा भास होतो. संभवनाथ मंदिराच्या भुयारात आचार्य जिनभद्रसूरींच्या नावाने प्रसिद्ध असलेले ज्ञानभांडार आहे. आक्रमणांच्या काळात सुरक्षित स्थळ म्हणून येथे ग्रंथ जमवले गेले. नवव्या-दहाव्या शतकांपूर्वीच्या परंपरेशी नाते सांगणारे आगमग्रंथ, टीका, काव्य, न्याय, अलंकार अशा विषयांच्या प्राचीन ताडपत्री पोथ्या येथे आहेत आणि त्यांत जैनेतर ग्रंथही आहेत. १९५० च्या सुमारास आगमप्रभाकर मुनी पुण्यविजयजी यांनी येथे अनेक महिने राहून या भांडाराची शिस्तवार पाहणी आणि सूची केली. दमट हवेत ताडपत्राला बुरशी आणि कीड लवकर गाठते. येथे शतकानुशतके या पोथ्या टिकल्या, त्यामागे श्रावकांची दक्षता होती, तशी वाळवंटाची कोरडी हवाही होती.

याच किल्ल्यावर आज जे संकट आहे ते मात्र पाण्याचे आहे. जुन्या काळी येथे पाणी विहिरींतून आणि खालच्या गडीसर तलावातून डोक्यावरून येई. घागरभर पाण्यात घर चाले, त्यामुळे सांडपाणी नाममात्र होते. किल्ल्याच्या भिंती चुन्याविना दगडावर दगड रचून उभारलेल्या, आणि टेकडीच्या पोटात चिकणमाती व शेल यांचे थर. कोरडे असेपर्यंत सारे भक्कम होते. नळ आले, पाठोपाठ पर्यटकांसाठी निवासगृहे आली, न्हाणीघरे वाढली आणि जुन्या गटारांतून पाणी पायात मुरू लागले. मातीचे थर फुगले, बुरुजांचे व तटाचे भाग कोसळले. जगातील धोक्यात असलेल्या वास्तूंच्या यादीत १९९६ पासून जैसलमेरचे नाव वारंवार आले. त्यानंतर गटारांची आणि तटांची दुरुस्ती झाली, काम अजूनही चालू असते. प्रवाशाला यातून सरळ निष्कर्ष काढता येतो. किल्ला मनसोक्त पाहावा, मंदिरांत दर्शन घ्यावे, पण मुक्काम किल्ल्याबाहेर करावा.

शहरात पटव्यांच्या हवेल्या अवश्य पाहाव्यात. एकोणिसाव्या शतकात बाफना कुळातील जैन व्यापाऱ्यांनी त्या बांधल्या. त्यांचे कोरीव झरोके पुढे आलेले असतात, त्यामुळे खालच्या भिंतीवर सावली पडते आणि जाळीतून येणारा वारा आतील खोल्या थंड ठेवतो. चौदाव्या शतकातील गडीसर तलाव ही पावसाचे पाणी साठवण्याची सोय. भोवतीच्या उताराच्या जमिनीवरचे पाणी त्यात उतरे. काठावरच्या घुमटीत सायंकाळी बसले की या तलावाने शहराला किती पिढ्या जगवले, याचा अंदाज येतो.

लोद्रवा, कुलधरा आणि सम : थेंबाचे शास्त्र

जैसलमेरच्या वायव्येला पंधरा-सोळा किलोमीटरवर भाटी राजांची जुनी राजधानी लोद्रवा होती. राजधानी उद्ध्वस्त झाली. पार्श्वनाथाचे मंदिर सतराव्या शतकात थाहरू शाह यांनी पुन्हा उभारले. मूलनायक भगवान पार्श्वनाथांची कृष्णवर्ण प्रतिमा, प्रवेशद्वारापुढचे डौलदार तोरण आणि शिखराशेजारचा कल्पवृक्ष ही येथील वैशिष्ट्ये. भोवती हिरवे काही नसलेल्या माळावर पानाफळांनी लगडलेला कल्पवृक्ष घडवावा, ही कल्पनाच मनात घर करते.

कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांचे ओसाड गाव आज ‘झपाटलेले’ म्हणून विकले जाते. दिवाण सालिमसिंहाच्या जुलमामुळे चौऱ्याऐंशी गावे एका रात्रीत रिकामी झाली, अशी लोककथा आहे. पाणी आटत जाणे आणि करांचा बोजा ही कारणेही अभ्यासक मांडतात. भुतांच्या गोष्टींपेक्षा पाहण्यासारखे आहे ते पालीवालांचे ‘खादीन’. खडकाळ उताराच्या पायथ्याशी लांब मातीचा बांध घालायचा. पावसाळ्यात उतारावरून येणारे पाणी आणि गाळ त्यामागे अडतो. पाणी मुरले, की त्या ओलाव्यावर हिवाळ्यात गहू आणि हरभरा पेरायचा. सिंचनाविना वाळवंटात गहू पिकवण्याची ही रीत पंधराव्या शतकापासून चालत आली, आणि जिल्ह्यात काही खादीन आजही पिकतात.

पिण्याच्या पाण्याचे शास्त्र याहून सूक्ष्म आहे. लोकभाषेत पाण्याचे तीन प्रकार : पावसाचे थेट मिळणारे ‘पालर’, खोल विहिरीचे ‘पाताळ’ आणि या दोहोंमधले ‘रेजाणी’. काही भागांत वाळूखाली जिप्समचा थर असतो. तो मुरलेल्या पावसाला खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही. या थरापर्यंत जाणारी अगदी अरुंद विहीर खणतात, ती ‘कुंई’. वाळूच्या कणांना धरून राहिलेला ओलावा तिच्यात थेंबाथेंबाने पाझरतो आणि दिवसाकाठी दोन-तीन घागरी भरतात. अधिक उपसण्याची सोयच नाही. अनुपम मिश्र यांच्या ‘राजस्थान की रजत बूंदें’ या १९९५ मधील पुस्तकामुळे हे लोकज्ञान देशभर पोहोचले.

जैसलमेरहून सुमारे ४० किलोमीटरवर सम येथे वाळूच्या टेकड्या सुरू होतात. उन्हाळ्यातील नैर्ऋत्येचा वारा त्यांना घडवतो. वाऱ्याकडील उतार सौम्य असतो. कण त्यावरून सरकत माथ्यापर्यंत येतात आणि पलीकडच्या तीव्र उतारावर घसरतात. अशा रीतीने टेकडी पुढे सरकत राहते. सायंकाळी येथे गर्दी, गाणी आणि जीपगाड्यांचा गोंगाट असतो. खरे वाळवंट पहाटे दिसते. रात्रीच्या वाऱ्याने वाळू नव्याने आखलेली असते आणि तिच्यावर भुंगेरे, उंदीर, कोल्हे यांच्या पावलांच्या नक्षी उमटलेल्या असतात. दिवसा निर्जीव वाटणाऱ्या वाळूखाली केवढी वस्ती आहे, हे त्या खुणांवरून कळते. पायी, सावकाश आणि नजर जमिनीवर ठेवून चालले तर मुलांनाही यतनेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

माळढोकाचे आकाश

समच्या परिसरापासून बाडमेरपर्यंत ३,१६२ चौरस किलोमीटरांवर मरु राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. येथील गवताळ माळ हे गोडावणाचे, म्हणजे आपल्या माळढोकाचे, अखेरचे मोठे आश्रयस्थान. सोलापूरजवळच्या नान्नज येथे १९७९ मध्ये याच पक्ष्यासाठी अभयारण्य घोषित झाले. आज तेथे तो क्वचितच दृष्टीस पडतो. देशभरात त्याची संख्या दीडशेच्या आसपास उरल्याचे मागील दशकातील अंदाज सांगतात आणि त्यांपैकी बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात आहेत.

माळढोक जमिनीवर, उघड्यावर, बहुधा एकच अंडे घालतो. उडणाऱ्या पक्ष्यांतील वजनदारांपैकी तो एक. समोरचे त्याला नीट दिसत नाही, त्यामुळे विजेची तार अगदी जवळ येईपर्यंत तिचे भान येत नाही आणि जड देहामुळे ऐनवेळी वळता येत नाही. थरमध्ये ऊन आणि वारा विपुल असल्याने येथे सौर व पवनऊर्जेचे मोठे प्रकल्प उभे राहिले, त्यांच्या तारांचे जाळे त्याच माळावरून गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये या भागातील तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो सौम्य करून तज्ज्ञांची समिती नेमली, कारण कोळशाऐवजी उन्हाची वीज हीदेखील देशाची गरज आहे. दोन्ही बाजूंना सत्याचा अंश असलेला हा पेच आहे. दरम्यान समच्या प्रजनन केंद्रात पिल्ले वाढवली जात आहेत आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. पिल्ले वाढली तरी त्यांना सोडायला निर्वेध माळ शिल्लक हवा, ही खरी चिंता आहे.

असा माळ येथील लोकांनी ‘ओरण’ म्हणून पूर्वीपासून राखला आहे. देवाच्या नावे सोडलेल्या या जमिनीत गुरे चरतात, पण झाड तोडले जात नाही. महाराष्ट्रातील देवराईची ही बहीणच. अनेक ओरणे सरकारी दप्तरात ‘पडीक’ म्हणून नोंदली गेल्याने ती प्रकल्पांना देणे सोपे झाले. त्याविरुद्ध जैसलमेरचे पशुपालक पदयात्रा काढत आले आहेत. त्यांच्या लेखी ती जमीन कधीच पडीक नव्हती.

अकल ते नाकोडा : परतीची वाट

बाडमेरच्या रस्त्यावर, जैसलमेरपासून सतरा-अठरा किलोमीटरवर, अकल येथे उघड्या माळावर झाडांचे ओंडके पडलेले दिसतात. हात लावला तर ते दगड असतात. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी हा प्रदेश उष्ण, दमट आणि घनदाट वृक्षांचा होता. गाळाखाली गाडल्या गेलेल्या खोडांत खनिजे शिरली आणि लाकडाची जागा दगडाने घेतली. सर्वांत मोठे खोड १३ मीटरहून लांब आहे. याच जिल्ह्यात सापडलेल्या सुमारे १६.७ कोटी वर्षांपूर्वीच्या शाकाहारी डायनासोरला २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी थरच्याच नावावरून ‘थारोसॉरस’ असे नाव दिले. अकलला दगडाचा तुकडाही उचलू नये. वाळवंटाला अरण्याची एवढीच आठवण उरली आहे.

बाडमेरजवळ किराडूची अकराव्या-बाराव्या शतकांतील शिल्पमंडित मंदिरे पाहून बालोतराकडे यावे. येथे लुणी नदी भेटते. अरवलीतून निघणारी ही नदी बालोतरापर्यंत गोडी राखते, पुढे खारी होते आणि समुद्राला न मिळता कच्छच्या रणात विरते. बालोतरापासून जवळच डोंगरांच्या कुशीत नाकोडा पार्श्वनाथ तीर्थ आहे. महाराष्ट्रातून येथे वर्षभर यात्रेकरू येतात. चार-पाच दिवसांच्या उघड्या क्षितिजानंतर डोंगरांच्या या ओंजळीत मुक्काम केला तर प्रवासाला शांत शेवट मिळतो. येथून जोधपूर अडीच-तीन तासांवर आहे.

निघण्यापूर्वी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. दुपारी ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी, म्हणून लोकरीचे कपडे हवेत. ओसियां, जैसलमेर, नाकोडा या तीर्थांवर धर्मशाळा आणि भोजनशाळा आहेत. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्त पाहायला टेकड्यांवर जाण्यापूर्वीच भोजन आटोपावे, किंवा सूर्यास्ताऐवजी सूर्योदयाचा बेत ठरवावा. किल्ल्यातील मंदिरांच्या आणि ज्ञानभांडाराच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. पाण्याचे मोठे भांडे घरूनच घ्यावे, म्हणजे रिकाम्या बाटल्या वाळूत वाढणार नाहीत. अंघोळीला एक बादली पुरते, हे या प्रदेशात तरी मुलांना सहज पटते.

परतताना जोधपूरच्या बाजारातून सांगरीची एखादी पुडी घेतली जाते. घरी ती रात्रभर भिजत घालावी लागते. सकाळी पातेल्यात पाहिले, तर काडीसारख्या सुकलेल्या शेंगा फुगून मऊ झालेल्या असतात. त्या शमीच्या झाडाने किती थोड्या पाण्यावर त्या धरल्या असतील, हे आता त्या घराला ठाऊक असते.